फिनिक्सला उन्हाळ्यात येताय? आधी घर नीट बघा

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये लहान मुलांना घेऊन अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला शिफ्ट होतोय, हवा कोरडी आहे तर कूलरवर भागेल का, आणि भाड्याचं घर घेताना काय बघायचं.

कूलरचं आधी सांगते. इथे त्याला स्वॅम्प कूलर म्हणतात. मे-जूनमध्ये तो मस्त चालतो आणि एसीपेक्षा वीजही बरीच कमी खातो, पण जुलैत मॉन्सूनची दमट हवा शिरली (पाऊस नावालाच, दमटपणा मात्र येतो) की पाण्याची वाफ होणं मंदावतं आणि तो नुसता ओलसर कोमट वारा फेकत बसतो. त्यामुळे फक्त कूलर असलेलं घर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

"कोरडी गरमी आहे, जाणवत नाही" असं सगळे सांगतील. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरेनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला टेकला किंवा वर गेला, तेव्हा ते किती जाणवत नाही ते कळलं! आणि दिवसापेक्षा रात्र वाईट. त्याच जुलैत एका रात्री तापमान ९७ फॅरेनहाइटच्या, म्हणजे ३६ सेल्सिअसच्या खाली उतरलंच नाही, कारण दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. रात्री खिडक्या उघडून घर गार करायचं हे एप्रिल, ऑक्टोबरला ठीक, भर उन्हाळ्यात नाही.

आता घर. माझ्या मते एसी किती टनाचा आहे यापेक्षा खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हे आधी बघा, आणि शक्यतो संध्याकाळी पाचला बघायला जा, एजंट सकाळची वेळ देईल तरी. पश्चिमेला मोठी काच असेल तर त्या वेळी पडदा हातात धरून बघा, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा लागतो, आणि एवढं ऊन एकदा काचेतून आत आलं की आतल्या पडद्याने थोडंच अडतं. बाहेरून लावायची जाळीची सन स्क्रीन मिळते, तिचा फायदा खूप जास्त, लावू देणार का ते मालकाला आधीच विचारा. सगळ्यात वरचा मजला टाळा, छत तापतं.

एसी चालू करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. बाहेर येणारी हवा आत खेचल्या जाणाऱ्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० फॅरेनहाइट गार हवी. फिनिक्स शहराच्या नियमाप्रमाणे भाड्याच्या घरात एसी असेल तर मालकाला घर ८२ फॅरेनहाइट किंवा त्याखाली राहील एवढं कूलिंग द्यावंच लागतं, कूलर असेल तर ८६. हे माहीत असलं की बोलणं सोपं जातं. उन्हाळ्यात इथे एसीचा कॅपॅसिटर उडणं नेहमीचंच, आणि तेव्हाच मेकॅनिक मिळत नाही, म्हणून बिघाड झाला तर किती वेळात माणूस पाठवणार ते लिहूनच घ्या. आमच्या आधीच्या मालकाने "उद्या येतो" म्हणत आठवडा काढला होता. फिल्टर महिन्याला बदला, धुळीचं वादळ येऊन गेलं तर लगेच.

बिलाचं म्हणाल तर एपीएस या इथल्या वीज कंपनीच्या टाइम ऑफ यूज (वेळेनुसार दर) प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७ वीज महाग, मग आम्ही तीनपर्यंत घर चांगलं गार करून ठेवतो आणि त्या तीन तासांत थर्मोस्टॅट वर नेतो, ओव्हन आणि ड्रायर बंद.

मुलांसाठी एक लक्षात ठेवा, इथे घाम लगेच उडून जातो, अंग कोरडंच दिसतं, त्यामुळे तहान लागायची वाट न बघता पाणी देत राहा. नळाचं गार पाणीही दुपारी कोमट येतं. बागेतल्या पाइपमध्ये उन्हात साठलेलं पाणी तर भाजेल इतकं गरम असतं, आधी ते वाहून जाऊ द्या, मगच मुलांना हात लावू द्या. आणि घर तापलं असताना एसी बंद पडला तर नुसत्या पंख्यासमोर बसू नका, ४० सेल्सिअसच्या वर पंखा गरमच हवा अंगावर मारतो, अंग ओलं करा आणि सरळ लायब्ररीत नाहीतर मॉलमध्ये जाऊन बसा.