घरी रेकॉर्ड केलेल्या भजनांच्या मास्टरिंगसाठी स्वस्तातलं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की बजेट पाच-सहा हजार, गाणं, पेटी, तबला, टाळ सगळं घरीच रेकॉर्ड होतं, आणि युट्यूबवर टाकलं की बाकीच्यांपुढे आपलं बारीक वाटतं. अगदी माझीच गोष्ट. आमचं भजनी मंडळ आहे आणि स्टुडिओ म्हणजे मधली खोली, खिडकीला गादी टेकवलेली.

मास्टरिंगचं, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवायचं, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर आत्ता घेऊच नका. रीपर हे रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ६० दिवस फुकट चालतं, कुठलंही फीचर बंद नसतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे, म्हणजे तुमच्या बजेटात बसतं. त्याच्यात तीन फुकटचे प्लगिन, म्हणजे आत जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, टाका: टीडीआर नोव्हा, लाउडमॅक्स (हा लिमिटर, आवाज चढवतो पण ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ देत नाही) आणि आवाज मोजायला युलीन लाउडनेस मीटर. माझं सगळं काम एवढ्यावरच चालतं. मास्टरिंगचं विकतचं प्लगिन ओझोन एलिमेंट्स, त्याची ट्रायल मी वापरलीय, चांगलं आहे, पण घ्यायचंच तर सेल लागेपर्यंत थांबा. आणि क्रॅक केलेलं काही टाकू नका, माझा एकदा अख्खा लॅपटॉप फॉरमॅट करायला लागलाय त्यापायी.

नोव्हा कशाला, तर पेटी वरच्या सप्तकात गेली की कानात घुसते. साध्या ईक्यूने (आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करायचं साधन) तो भाग कापला तर गाणाऱ्याचा आवाजही कायमचा मळकट होतो. नोव्हा डायनॅमिक ईक्यू आहे, मी अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक बँड म्हणजे पट्टा लावून ठेवतो, पेटी किंचाळली की तो तेवढ्यापुरतं दाबतो आणि लगेच सोडून देतो.

आता बारीक वाटण्याचं. मी पण आधी लिमिटर रेटून रेटून एक अभंग -८ एलयूएफएसपर्यंत (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) नेला होता, घरी ऐकताना काय दणदणीत वाटला! युट्यूबवर टाकला तर इतरांपेक्षा मेलेला. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं तर नॉर्मलाइज्ड ५०% दिसत होतं, म्हणजे त्यांनी ६ डीबी खाली ओढलेला. युट्यूब साधारण -१४ च्या वरचं सगळं खाली आणतं, त्यामुळे मी कमावलेला मोठेपणा गेला आणि चेपलेला तबला तेवढा मागे राहिला, धा वाजतोय का कोणी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय तेच कळेना. मात्र तुमचं -२० वगैरे असेल तर युट्यूब ते वर उचलत नाही, बारीक ते बारीकच राहतं. म्हणून युलीनमध्ये अख्खं गाणं वाजवून इंटिग्रेटेड, म्हणजे सगळ्या गाण्याचा मिळून आकडा बघा, -१४ च्या जवळ आणा, लाउडमॅक्सचं आउटपुट -१ डीबीवर ठेवा आणि आयएसपीचं बटण (सॅम्पलच्या मधली लपलेली उसळी पकडणारं) चालू करा.

एक मात्र आहे, लिमिटरने आवाज चढवला की जे आधी ऐकूच येत नव्हतं तेही चढतं. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये आलाप संपला की पंखा घरघरायचा. रीपरमधल्या रीआफिर या प्लगिनने पंखा काढता येतो, पण जास्त काढलात तर बुवा विहिरीतून गातायत असं वाटतं. उन्हाळ्यात सुद्धा पंखा बंद, घाम पुसत गायचं, दुसरा इलाज मला तरी सापडला नाही.

आणि टाळ एकाच माइकवर गाण्याबरोबर घेताय का? तसं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला रडवणार, कारण टाळाच्या प्रत्येक ठोक्याला लिमिटर दचकतो आणि गाणाऱ्याचा आवाज खाली बसतो, परत वर येतो, ऐकणाऱ्याला बोट लागल्यासारखं होतं. टाळ जमलं तर वेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर लांब बसवा. आमचे टाळवाले काका हल्ली दाराबाहेर पायपुसण्यावर बसतात.