आबांचा फ्लेक्स आणि थेम्सकाठची भिंत

प्रिय सई,

परवा जुने फोटो बघताना तू विचारलंस, "आबांच्या फ्लेक्सवर ही जिवंत माणसं कशाला?" मला हसू आलं आणि उत्तर काही सुचेना. म्हणून लिहिते.

एप्रिल 2021मध्ये आबा गेले. आपल्याला जाता आलं नाही, दहावा फोनवर पाहिला. गावातल्यांनाही दारात येऊन बसता येत नव्हतं, म्हणून पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. वर फेटा बांधलेले आबा, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली 'शोकाकुल' म्हणून अकरा चेहरे, त्यातले दोन गॉगल लावून. गॉगलची बाजू मी घेणार नाही. चौकात झळकायची हौस असतेच, निवडणूक जवळ आली की जरा जास्त. पण त्यातलेच चौघे मोटरसायकलवरून ॲम्ब्युलन्सच्या मागे स्मशानाच्या फाटकापर्यंत गेले होते. कोण गेलं याच्याइतकंच कोणाकोणाला सुतक लागलं, हेही आपल्याकडे चारचौघांत सांगतात.

फ्लेक्स महिन्याभरात फाटला. पावसाळ्यात कुणीतरी तो गोठ्यावर टाकला असणार.

मारुतीच्या देवळामागचा कोरीव दगड आठवतो? तू त्याच्यावर बसलीस म्हणून आजी ओरडली होती. तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. कितीतरी वीरगळ गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे असतात. आपल्या वीरगळावर नाव नाही. तरी आजी त्याला शेंदूर लावायची. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणायची, "असंल कोणतरी आपलाच."

लंडनला संसदेसमोर नदीच्या अलीकडे लाल बदामांची भिंत आहे, तुला अजून दाखवली नाही. कोविडमध्ये गेलेल्या प्रत्येकासाठी एक बदाम. 29 मार्च 2021ला घरचं माणूस गेलेल्यांनीच रीतसर परवानगीची वाट न बघता रंगवायला घेतली. सुमारे अर्धा किलोमीटर लांब, आता 2,40,000हून जास्त बदाम. सुरुवातीच्या पेनांचा रंग उन्हापावसात विटून गुलाबी पडला. आता दर शुक्रवारी काही स्वयंसेवक येऊन तेच बदाम टिकाऊ रंगाने पुन्हा भरतात. ज्याचा भरतायत तो कोण, हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

ती भिंत इथल्या मृतांची, हे मला माहीत होतं. तरी ऑफिसच्या कामाला गेले होते तेव्हा कडेच्या एका बदामात 'आबा' लिहून आले.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. बदाम ताजा लाल होता. अक्षरंही कुणीतरी जपून गिरवली होती, शिरोरेघेसकट. फक्त बच्या पोटातली रेघ राहून गेली होती. आता तिथे 'आवा' लिहिलंय.

पर्समध्ये पेन होतं. काढलं नाही.

तुझी,
आई