आधी पाच जण जमवा, नाव नंतर ठेवा

ताई, आठवीच्या वर्गात एकटीनेच समस्याधारित अध्यापन (आधी मुलांपुढे समस्या ठेवायची, धडा त्यातून शिकायचा) सुरू केलंय आणि जिल्ह्यातल्या अशा शिक्षकांचं नेटवर्क उभं करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. हा उद्योग मी करून बसलोय. व्हॉट्सअॅपवर दोनशे जण, लोगो, ब्रीदवाक्य, सगळं होतं. महिन्याभरात तिथे शासन निर्णय, सुप्रभात आणि थर्माकोलच्या मॉडेलचे फोटो एवढंच उरलं.

टिकला तो नंतरचा पाच जणांचा गट. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एका वर्गात बसायचं. एकाने आपला समस्येचा कागद, म्हणजे वर्गात मुलांपुढे ठेवायची समस्या लिहून, आणायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. फोटो दाखवायला बंदी.

माझा पहिला कागद होता, 'शाळेत पाणी वाचवण्याचे उपाय सुचवा.' मुलांनी घोषवाक्यं लिहिली, तक्ता रंगवला, संपलं. गटातल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "सर, उत्तर तुम्हीच प्रश्नात घालून ठेवलंय, पोरं शोधणार काय?" त्यांनी ओळ खोडून लिहिलं, 'टाकी सकाळी आठला भरते, दोनला नळ कोरडे. पाणी जातं कुठे?'

मग पोरं थेट टाकीवर चढायला निघाली (शिपाईमामांनी अडवलं, नशीब). एकाने गळक्या तोटीखाली लिटरची बाटली लावली. बारा मिनिटांत भरली. म्हणजे तासाला ५ लिटर, आठ ते दोन ३०. तेवढ्याने हजार लिटरची टाकी रिकामी होत नाही, मग बाकीचं? आणि टाकी खरंच हजाराची आहे का? वृत्तचितीचं घनफळ त्यांनीच माझ्याकडे मागितलं.

प्रकल्प धडा संपल्यावर येतो, इथे समस्या आधी येते, हा फरक गटात पहिल्याच दिवशी बोलून घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलं ते याच उलट्या क्रमाने. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या सात पायऱ्या आम्ही फळ्याशेजारी चिकटवल्यात: अनोळखी शब्द, समस्या नेमकी कोणती, अंदाज, त्यांची जुळणी, काय शिकावं लागेल, स्वतःचा अभ्यास, परत येऊन मांडणी. तिसऱ्या-चौथ्या पायरीला आपली, शिक्षकांची, जीभ फार वळवळते. म्हणून एकमेकांच्या वर्गात मागे बसायला जा. माझ्या तासाला बसलेल्या सहकाऱ्याने नुसत्या रेघा ओढल्या, मी मध्ये बोललो त्या प्रत्येक वेळेला एक. सतरा निघाल्या. त्या कागदाने मला जेवढं शिकवलं तेवढं एकाही प्रशिक्षणाने नाही.

पाचही जण विज्ञानाचे घेऊ नका. भाषेचा शिक्षक हवाच, समस्येचं वाक्य तोच नीट करतो. गटाचा अहवाल केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) शिक्षण परिषदेला जोडायचा मोह टाळा, नाहीतर फसलेले कागद कुणी आणणार नाही. प्रत्येक कागदाखाली 'कुठे अडलं' ही एक ओळ तारखेसह लिहून फाइलला लावा, नवीन माणूस आला की आधी तीच फाइल हातात द्यायची.

गुणांची काळजी नको. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात उपक्रम, प्रयोग, तोंडी काम या रकान्यांत हे सगळं बसतं, फक्त नोंदी त्याच दिवशी करा.