ससा कालपासून काहीच खात नाही, घरी काय करता येईल?

आधी पिंजऱ्यातल्या लेंड्या बघा. त्या बंद झाल्या असतील किंवा अगदी बारीक पडत असतील, तर आतडं मंदावलंय. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. १०-१२ तासांचा उपासही जिवावर बेतू शकतो. त्यामुळे सशांवर उपचार करणारा पशुवैद्य आजच गाठा. आमच्या सशिणीच्या वेळी 'सकाळी बघू' म्हणून मी रात्र घालवली, त्याची हळहळ अजून वाटते.

तोवर त्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. सशाच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. कान गार लागले आणि अंगही थंड वाटलं, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. पाणी वाटीत द्या. कोथिंबीर किंवा ताजं गवत नाकाशी धरून बघा, वासाने कधीकधी तोंड हलतं. पोट टम्म फुगून कडक झालं असेल, तर सिरिंजने काहीही भरवू नका.

माणसांची औषधं तर अजिबात नकोत. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

डॉक्टरांकडून दाढाही तपासून घ्या. वाढलेल्या दाढा टोचल्या तरी ससा खाणं सोडतो.