जीनच्या मागे लागण्याआधी डिस्क तपास

अंबाजोगाईला एमडी मायक्रोला लागलीस, छान झालं. थिसिसला एनडीएम जीन (कार्बापेनेम गटाची अँटिबायोटिक्स मोडणारं एन्झाइम बनवणारा) घेतेयस, पण पीसीआरची, म्हणजे जीन शोधायच्या चाचणीची, घाई नको. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की फ्रिज तापतो आणि इमिपेनेमची डिस्क (त्याच गटातल्या औषधाची कागदी चकती) सगळ्यात आधी दगा देते. मग औषधाला दबणारा जंतूही रेझिस्टंट दिसतो! तुलनेसाठी ई. कोलाय एटीसीसी 25922 हा ठरलेला जंतू सोबत लावत जा. त्याचा झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) 26 ते 32 मिमीत बसला तरच त्या दिवसाचं रीडिंग धर.

एनडीएमच्या एन्झाइमला जस्त लागतं, ईडीटीए हे रसायन ते ओढून घेतं. ईडीटीए टाकलेल्या इमिपेनेमच्या डिस्कभोवती झोन साध्या डिस्कपेक्षा 7 मिमी किंवा जास्त वाढला, तर ते आयसोलेट (नमुन्यातून वेगळा काढलेला जंतू) पीसीआरला आधी. नुसत्या ईडीटीएची डिस्कही शेजारी ठेव, कारण काही जंतू त्यानेच दबतात. जीन बहुधा प्लाझ्मिडवर (जंतूतल्या सुट्या डीएनएच्या कड्यावर) असतो, वारंवार सबकल्चर केलंस, म्हणजे नव्या प्लेटवर वाढवत राहिलीस, तर निसटू शकतो; पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे 80 ला टाक. एकाच पेशंटचे चार नमुने चार धरू नकोस, परीक्षक नेमकं तिथंच पकडतात.

आणि एनडीएम निगेटिव्ह आला म्हणून वॉर्डात ‘मेरोपेनेम चालेल’ म्हणून मोकळी होऊ नकोस. मेरोपेनेमही त्याच गटातलं, आणि ती औषधं मोडणारा दुसरा जीन, ओएक्सए-48, असू शकतो.