क्योटोतल्या पाच रात्री आणि मुलीची एफडी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नाशिकच्या. भाऊबीज उरकली की १३ ते १८ नोव्हेंबर क्योटो आणि तिथून पुढे टोकियोत, निशि-कासाईला भावाकडे. बरोबर तुमचे मिस्टर, नववीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्यांचा एक गुडघा दुखतो आणि त्या अंडंही खात नाहीत. टोकियोत घरचीच सोय असल्यामुळे राहण्याचा खर्च फक्त क्योटोचा, आणि त्यासाठी दीड लाख बाजूला काढलेत. तुम्हाला पाचही रात्री र्‍योकानमध्ये, म्हणजे तातामीच्या चटया आणि दोन वेळचं जेवण असलेल्या पारंपरिक जपानी निवासात राहायचंय. मिस्टर म्हणतात, ओसाकात स्वस्त हॉटेल घेऊ आणि रोज क्योटोला जाऊन येऊ. र्‍योकानसाठी दोन लाख कमी पडतात. मुलीच्या अकरावीसाठी ठेवलेली चार लाखांची एफडी मोडावी की पर्सनल लोन काढावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: एफडीला हात लावू नका, लोन काढू नका, आणि ओसाकातही राहू नका. चार रात्री क्योटोतच मेट्रोजवळच्या साध्या हॉटेलात काढा आणि शेवटची एक रात्र र्‍योकानमध्ये. तुमच्याच आकड्यांत हे दीड लाखाच्या आसपास बसतं.

आता हिशोब. मी १०० येनला ६० रुपये धरतेय. प्रत्यक्ष कार्डावर दर थोडा वरखाली होईल.

आधी मिस्टरांची बाजू, कारण तिच्यात तथ्य आहे. ओसाकात नाम्बाजवळ दोन ट्विन खोल्या, एकेक ११,००० येन, असा भाव तुम्ही काढलात. पाच रात्रींचे १,१०,००० येन. ओसाकाचा निवास कर माणशी रात्रीला २०० येन, म्हणजे ४,००० येन. आता जा-ये. जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, जलद लोकल ओसाका ते क्योटो माणशी ५८० येन घेते, आणि नाम्बाहून ओसाका स्टेशनला पोचायला मेट्रोचे २४० येन वेगळे. मुलगी चौदा वर्षांची, तिला पूर्ण तिकीट; जपानमध्ये अर्धं तिकीट प्राथमिक शाळेतल्या मुलांपुरतंच असतं. चौघांचं येणं-जाणं दिवसाला ६,५६० येन होतं, चार दिवसांचं २६,२४०. सगळं मिळून १,४०,२४० येन, म्हणजे साधारण ८४ हजार रुपये.

क्योटोत शिजो किंवा गोजो स्टेशनच्या आसपास तशाच दोन खोल्यांना तुम्हाला १६,५०० येन सांगितलेत. पाच रात्रींचे १,६५,००० येन. क्योटोने मार्च २०२६पासून निवास कर वाढवलाय. माणशी भाडं ६,००० ते २०,००० येनच्या आत असेल तर रात्रीला ४०० येन. पूर्वी इथे २०० होते. चौघांचे पाच रात्रींचे ८,०००. एकूण १,७३,००० येन, म्हणजे जवळपास १ लाख ४ हजार रुपये.

फरक वीस हजारांचा. नुसत्या खोलीभाड्याकडे पाहिलं तर तो तेहतीस हजार दिसतो, आणि तोच आकडा पाहून मिस्टरांनी ओसाका ठरवलंय. गाडीभाडं आणि कर धरले की त्यातले तेरा हजार गळून जातात. उरलेल्या वीस हजारांत काय मिळतं ते बघा. जलद लोकल ओसाका-क्योटो २९ मिनिटांत जाते हे खरं. पण हॉटेलच्या दारापासून क्योटो स्टेशनच्या बाहेर पडेपर्यंत नाम्बाहून सव्वा तास धरा: आधी मेट्रो, मग उमेदाच्या, म्हणजे ओसाका स्टेशनच्या भागातल्या, भुयारी गर्दीतून जेआरच्या फलाटापर्यंतची पायपीट, मग गाडीची वाट. चार दिवसांत दहा तास. पहिल्यांदा, आणि कदाचित एकदाच पाहायच्या शहरातले दहा तास.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन गेले तेव्हा हेच गणित मांडलं होतं, आणि आम्ही ओसाकात राहिलो. पहिल्या दिवशी फुशिमी इनारीच्या लाल कमानींखालून बरंच वर चढलो. संध्याकाळी क्योटो स्टेशनच्या फलाटावर आलो तर गाडी खचाखच भरलेली. आई अर्धा तास दांडीला धरून उभी. खोलीवर आल्यावर तिने पायातले मोजे काढले तर घोट्याशी मोज्याचा वण खोल उमटलेला. म्हणाली, "उद्या तुम्ही जाऊन या, मी इथेच पडते जरा." दुसऱ्या दिवशी आम्ही किन्काकुजीचं सोनेरी मंदिर पाहिलं, ती खिडकीतून समोरची पार्किंगची इमारत बघत बसली. क्योटोत राहिलो असतो तर दुपारी तिला खोलीवर सोडून, तासभर विश्रांती देऊन पुन्हा बरोबर नेता आलं असतं. वाचलेल्या पैशांत माझ्या आईचा एक दिवस गेला, हे मला अजून लागतं. तुमच्या सासूबाईंचं असं व्हायला नको.

आता तुमची बाजू. र्‍योकानचा भाव तुम्ही माणशी रात्रीला २८,००० येन कळवलाय, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. र्‍योकानचा दर खोलीवर नसतो, डोक्यावर असतो, हे तुमच्या नीट लक्षात आलंय. पुष्कळ लोक इथेच चुकतात. चौघांचे एका रात्रीचे १,१२,००० येन, पाच रात्रींचे ५,६०,०००. निवास कर जेवण वगळून उरलेल्या भाड्यावर ठरतो. तरी वरचा टप्पा, माणशी १,००० येन, धरला तर आणखी २०,०००. एकूण ५,८०,००० येन, म्हणजे ३ लाख ४८ हजार रुपये. तुमचे दोन लाख इथे कमी पडतात.

एफडी मोडली तर दंड फारसा नाही. मे २०२५ची तीन वर्षांची ठेव दीड वर्षात मोडली तर साधारण एक टक्का व्याज कमी मिळेल, म्हणजे सहा-सात हजार. काळजी त्याची नाही. काढलेले दोन लाख मे २०२८पर्यंत परत उभे करायचे तर परत आल्यावर १८ महिने, महिन्याला ११ हजार बाजूला काढावे लागतील, आणि ते तुमच्या चालू एसआयपीवर येतील हे तुम्हीच लिहिलंय. लोनचं गणित याहून वाईट. दोन लाख, १३ टक्के, दोन वर्षं: हप्ता साडेनऊ हजारांचा आणि व्याज २८ हजार. त्या व्याजात आणखी एखादी रात्र क्योटोत काढता आली असती. अकरावीचा प्रवेश ठरलेल्या महिन्यात येणार, तो पुढे ढकलता येत नाही. तारीख ठरलेल्या खर्चाचा पैसा हौसेकडे वळवू नये, असं मी प्रत्येक घराला सांगते आणि तुम्हालाही तेच सांगेन.

पैसा सोडला तरी पाच रात्री र्‍योकान मला पटत नाही. त्यातलं रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला, फार तर सातला मांडतात आणि तेव्हा हजर असावं लागतं. एक दिवस हे फार सुंदर वाटतं. युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालून बसायचं, एकेक लहान वाडगं समोर येत राहायचं. पाचही दिवस मात्र दुपारी चारपासून परतीची घाई. शिवाय सासूबाईंचं जेवण. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ अर्काचं पाणी, आणि ती बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या खिसापासून करतात. मिसो सूपमध्ये ती असते, उकडलेल्या भाजीत असते, वरून ओतलेल्या पातळ रसातही असते. ताटात मासा दिसला नाही म्हणजे तो नाही, असं समजू नका. माणशी २८ हजार येन भरून सासूबाईंनी पाच दिवस भात आणि लोणचं खायचं, हे तुम्हालाच बघवणार नाही.

म्हणून मधला मार्ग. चार रात्री हॉटेल १,३२,००० येन, त्याचा कर ६,४००. एक रात्र र्‍योकान १,१२,०००, त्याचा कर जास्तीत जास्त ४,०००. बेरीज २,५४,४०० येन, म्हणजे १ लाख ५२ हजार ६०० रुपये. तुमच्या बजेटवर अडीच हजार, आणि त्यात त्या रात्रीचं जेवण नि दुसऱ्या दिवशीची न्याहारी आलेली आहे. र्‍योकानची रात्र १७ तारखेची, मंगळवारची ठेवा. शनिवारच्या रात्री दर चढतात, आणि तुमचा शनिवार १४ला येतो.

हॉटेल नेमकं कुठे, याबद्दल माझं मत ठाम आहे: कारासुमा मेट्रोवर, शिजो किंवा गोजो. गिओन आणि हिगाशियामा हे जुने भाग दिसायला मनोहर, पण निनेन्झाका-सान्नेन्झाकाच्या फरसबंद चढांवरून बॅगा ओढणं आणि रोज बसवर अवलंबून राहणं गुडघ्याला झेपणार नाही. शहराच्या पश्चिम टोकाचं आराशियामा रात्री सामसूम. क्योटो स्टेशनजवळचा भाग गाड्यांना सोयीचा, मात्र संध्याकाळी पायी फिरायला शिजोसारखी मजा नाही. शिजोहून निशिकी बाजार चालत, मेट्रोला लिफ्ट, आणि एक-दोन स्टेशनांत क्योटो स्टेशन. तिथून फुशिमी इनारीला नारा लाइनने पाच मिनिटं, माणशी १५० येन. आराशियामाला सागानो लाइनने २४०.

बसचा मोह टाळा. पानगळीच्या दिवसांत कियोमिझू मंदिराकडे जाणाऱ्या २०६ नंबरच्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी पैसे टाकायचे. गच्च बसमध्ये सासूबाईंना घेऊन पुढे सरकणंच कठीण. चौघांचं बसभाडं ९२० येन होतं. गोजोहून टॅक्सी १,२०० ते १,५०० येनच्या आसपास सोडते. दोन-तीनशे रुपये जास्त, पण त्या बसून जातील.

माचिया, म्हणजे जुनं लाकडी घर अख्खं भाड्याने घ्यावं का, असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंत. स्वयंपाकघर मिळतं, वरणभात होतो, हा मोठा फायदा. पण जिने शिडीसारखे उभे, झोपायला जमिनीवर फुतोन, म्हणजे अंथरायच्या गाद्या, आणि काही घरांत झोपण्याची खोली वर नि संडास खाली. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ते घर नको. त्यापेक्षा त्याच भागात छोटी शेगडी आणि वॉशिंग मशीन असलेलं, चार पलंगांचं अपार्टमेंट हॉटेल दोन खोल्यांच्या भावात मिळालं तर ते घ्या.

बुकिंग आत्ताच करा, पण विनाशुल्क रद्द करता येणारं. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, तोही प्रश्न सुटेल. रद्द न होणारं बुकिंग थोडं स्वस्त दिसेल. ७१ वर्षांचं माणूस बरोबर असताना त्यात पैसे अडकवू नका. सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा बघा. उतरला असेल तर नवं घ्या आणि जुनं सोडा. हॉटेलात कार्ड दिल्यावर मशीन रुपये की येन विचारेल, तेव्हा येन निवडा. रुपयांत त्यांचा दर महाग पडतो. सासूबाईंच्या प्रवास विम्यात बीपीची गोळी लपवू नका. हप्ता वाढू दे, दावा नाकारला जायला नको. बजेटमध्ये कुठे ताण आलाच तर काट खरेदीला लावा, विम्याला नाही.

१७च्या सकाळी मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरूनच ताक्क्युबिन या सामान पोचवणाऱ्या कुरियरने भावाच्या पत्त्यावर टोकियोला पाठवा. बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन लागतात आणि त्या बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. र्‍योकानला चौघांचा एका रात्रीचा कपडा एका पिशवीत जाईल आणि शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्येही हात मोकळे राहतील.

र्‍योकानचे पैसे भरण्याआधी त्यांना ईमेलवर दोनच गोष्टी विचारा. एक: एका व्यक्तीचं जेवण माशाच्या दाशीशिवाय, कोम्बूच्या म्हणजे समुद्री शेवाळाच्या दाशीत, अंड्याशिवाय करून द्याल का? दोन: पलंग असलेली खोली आहे का? भावाकडून हे जपानीत लिहून घ्या. दोन्हींना स्पष्ट हो आलं तरच बुक करा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं र्‍योकान बघा, नोव्हेंबरला अजून वेळ आहे.