जलरंगात फुलांचं स्टिल लाइफ हुबेहूब जमतं, पण त्यात भाव का उतरत नाही?

पितळी तांब्यात गुलाब आणि झेंडू ठेवून तुम्ही रंगवता, चित्र बरोबर येतं पण बघणाऱ्याला काही वाटत नाही, असं तुम्ही विचारलंय. लाल म्हणजे प्रेम, पांढरं म्हणजे शांती हा तक्ता आधी डोक्यातून काढा. झेंडू दसऱ्याच्या तोरणातही असतो आणि अंत्ययात्रेच्या हारातही. भाव ठरतो तो फुलाची मान, उजेडाची बाजू आणि कडा यांवर.

त्यातही मान पहिली. नाशिकच्या बाजारात मोहाडी-जानोरीकडचे पॉलिहाऊसचे गुलाब येतात ते सरळ दांड्याचे, सगळ्या कळ्या एकाच टप्प्यावरच्या. जुडी तशीच खोचली की तांब्यात कवायत उभी राहते. पाच-सातच फुलं घ्या. एक पूर्ण उमललेलं, एक पाठमोरं, आणि एक काही तास बिनपाण्याचं ठेवून मान टाकलेलं. बाकीच्यांचे दांडे तिरके कापा आणि पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, नाहीतर पाणी लवकर कुजतं. गुलाब उबेत भराभर उमलतो म्हणून तो आधी रंगवा; झेंडू थांबतो. सतराव्या शतकातले डच चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं आधी केलेल्या अभ्यासांवरून एकाच फुलदाणीत जमवायचे, तेव्हा सगळं एका बैठकीत उरकायचा हट्ट नको.

उजेड एकाच खिडकीचा, ट्यूबलाइट बंद. बाजूने उजेड आणि मागे गडद कापड असेल तर चित्र गंभीर होतं. मागून उजेड आला की पाकळ्या आरपार दिसतात आणि तीच फुलं हलकी, प्रसन्न वाटतात. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही म्हणून तीच घ्या, हा सल्ला युरोपातून आलेला आहे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो. तेव्हा काचेला ट्रेसिंग पेपर लावा.

झेंडूच्या पाकळ्या मोजत बसू नका. आधी अख्खा गोळा पिवळ्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट थरात. तो ओला असतानाच सावलीच्या बाजूला नारिंगी आणि मग क्विनाक्रिडोन रोझ या गुलाबी रंगात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळा नको, पिवळ्यात पडला की हिरवट होतो. वाळल्यावर उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यातच आठ-दहा पाकळ्यांच्या कडा काढा, बाकीच्या विरू द्या. सगळ्याच कडा धारदार असल्या की चित्र वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं. मला वाटतं तुमची खरी अडचण इथेच आहे.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वॉश बघता बघता ओढला जातो, म्हणून ३०० जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की दातेरी कडेचा डाग पडतो. तो घासू नका, पूर्ण वाळू द्या.

गुलाबासाठी अस्सल अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग टाळा, तो उजेडात उडतो. ट्यूबवर पीव्ही १९ (क्विनाक्रिडोन रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेला रंग घ्या. व्हॅन गॉगने १८९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीला रंगवलेले गुलाब मूळचे गुलाबी होते. त्यातला लाल लेक (रंजकापासून केलेलं रंगद्रव्य) उडाल्याने आज ते जवळजवळ पांढरे दिसतात आणि चित्राचा नूरच पालटलाय. रंग टिकाऊ घेतला तरी फ्रेम ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.